आलटून-पालटून होणारा पोटाचा त्रास आणि आयुर्वेद : ताक, चूर्णे की वैद्यांच्या पुड्या?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय 38 असून मी सांगली जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षिका आहे. गेली काही वर्षे मला पोटाचा त्रास आहे आणि त्याचे स्वरूप दर आठवड्याला बदलत राहते. काही दिवस सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी दोन-तीनदा शौचास जावे लागते; त्याआधी बेंबीखाली मुरडा येतो आणि पोट मोकळे झाले की तो थांबतो. त्यानंतर अचानक उलट सुरू होते. मल खडा पडतो, जोर करावा लागतो आणि दुपारनंतर पोट इतके फुगते की साडीची गाठ सैल करावी लागते. शाळेतील स्वच्छतागृह सोयीचे नसल्यामुळे मी सकाळी पाणी कमी पिते आणि वेग आला तरी घरी येईपर्यंत थांबते, हेही येथे नमूद करते.

डॉक्टरांनी रक्त, मल, सोनोग्राफी आणि शेवटी कोलोनोस्कोपी अशा सर्व तपासण्या केल्या. त्यांत काही निघाले नाही आणि हा आयबीएस (तपासण्यांत दोष न दिसता आतड्याचे काम बिघडण्याचा दीर्घ त्रास) असल्याचे त्यांनी सांगितले. मुरड्यासाठी दिलेल्या गोळ्यांनी घेईपर्यंत बरे वाटते. थायरॉइडची गोळी मी या त्रासाच्या आधीपासून रोज सकाळी उपाशीपोटी घेते.

आता घरीदारी सल्ल्यांची गर्दी झाली आहे. सासूबाई रोज ताक प्यायला सांगतात. एक सहकारी शिक्षिका कच्ची मोडाची मटकी आणि सकाळी कारल्याचा रस सुचवतात. शेजारच्या काकू पोट साफ होण्याचे बाजारी चूर्ण रोज रात्री घेतात आणि तेच मला देऊ करतात. याशिवाय गावातील एक वैद्य पुड्या देतात, ज्यांनी मला बऱ्यापैकी आराम आहे, परंतु त्यांत काय आहे ते त्यांनी सांगितलेले नाही. आयुर्वेद अशा त्रासाकडे नेमका कसा पाहतो आणि यांपैकी काय ठेवावे, काय सोडावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : गोदातीर (आयुर्वेद व्यवसायी, नाशिक)

ताई, आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य औषधांविषयीचे नसून वेग अडवून धरण्याविषयीचे आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 15वा अध्याय ग्रहणीविकारावर, म्हणजे अग्नी (पचनशक्ती) बिघडून होणाऱ्या आतड्याच्या विकारावर आहे. त्यात वातज (वातदोषाने होणाऱ्या) ग्रहणीची जी कारणे दिली आहेत, त्यांत तिखट, कडू, तुरट, अतिशय कोरडे आणि थंड अन्न, फारच थोडे खाणे, उपाशी राहणे, अति चालणे आणि वेगनिग्रह (शौचादींचा वेग अडवणे) ही सारी एका ओळीत येतात. लक्षणांमध्ये कधी पातळ तर कधी कोरडा मल, तो कष्टाने आणि पुन्हा पुन्हा होणे, अन्न पचताना पोट फुगणे अशी वर्णने आहेत. आयबीएस म्हणजेच ग्रहणी असे समीकरण मी मांडणार नाही, कारण ग्रहणीच्या वर्णनात आजच्या निदानाप्रमाणे वेगळे ठरणारे अनेक आजार सामावलेले आहेत. तरीही आपले चित्र वातज ग्रहणीच्या बरेच जवळचे आहे, आणि म्हणून कारणांची ती यादी आपल्यासाठी औषधांच्या यादीपेक्षा अधिक उपयोगाची आहे.

त्या यादीसमोर आपल्याला मिळालेले सल्ले ठेवून पाहा. कच्ची मोडाची मटकी थंड, कोरडी आणि पचायला जड, तर कारल्याचा रस कडू, आणि तोही उपाशीपोटी. निरोगी माणसाने मटकीची उसळ शिजवून, फोडणी देऊन खाल्ली तर त्याला कोणी नावे ठेवणार नाही. पण ज्याचा अग्नी विषम आहे, म्हणजे एक दिवस पचवतो आणि दुसऱ्या दिवशी पचवत नाही, त्याला ‘आरोग्यदायी’ म्हणून कच्चे आणि कडू देणे म्हणजे ज्या वाटेने रोग आला त्याच वाटेने त्याला पुन्हा बोलावणे होय. अलीकडे उपास, रस आणि सॅलड यांनाच आयुर्वेद समजण्याची जी पद्धत पडली आहे तिचे मला नवल वाटते, कारण पोटाच्या विकारांत ग्रंथकारांचा सारा भर गरम, स्निग्ध आणि शिजवलेल्या अन्नावर आहे.

उपचाराची सुरुवात मल साम (आमासह, म्हणजे नीट न पचलेल्या अंशासह) आहे की निराम (आमाविना) हे ठरवून होते. जिभेवर थर, अंग जड, तोंडाला चव नाही, मल चिकट आणि फार दुर्गंधी, अशी स्थिती असेल तर ती साम समजावी. त्या अवस्थेत जुलाब थांबवणारी औषधे, उदाहरणार्थ जायफळ किंवा कुटज (कुडा), लगेच देऊ नयेत असा स्पष्ट संकेत आहे; आधी आमाचे पचन करावे. त्यासाठी धने आणि सुंठ घालून उकळलेले पाणी दिवसभर कोमट घोट-घोट घेणे आणि दोन-तीन दिवस मऊ भात, मुगाचे कढण, साळीच्या लाह्यांचा मंड असा हलका आहार ठेवणे एवढेही पुष्कळदा पुरते. मल पाण्यात बुडतो की तरंगतो यावरून साम-निराम ओळखण्याची परीक्षा चरकांनी सांगितली आहे. बुडणारा मल साम आणि तरंगणारा पक्व, असे त्यात म्हटले आहे, पण तेथेच अपवादही दिलेले आहेत. अतिपातळ, अतिघट्ट किंवा कफाने बिघडलेल्या मलाला ती लागू पडत नाही. इंटरनेटवर ही परीक्षा अपवाद गाळून फिरते. त्यात भर म्हणून सांगतो की तेलकट, फिकट आणि पाण्यावर तरंगणारा मल सतत होत असेल तर स्निग्ध पदार्थ शोषले जात नसल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी मल तरंगतो म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे ठरेल. तपासणी करून घ्यावी.

आता ताक. सासूबाईंचा सल्ला शास्त्राला धरून आहे. दीपन (अग्नी वाढवणारे), ग्राही (मल बांधणारे) आणि लघु (पचायला हलके) या तीन गुणांमुळे ग्रहणीत ताक श्रेष्ठ मानले आहे. परंतु ते दह्यात पाणी घालून, घुसळून, लोणी काढलेले असावे. पाणी किती घालावे याविषयी ग्रंथांत चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत मतभेद आहेत. मिक्सरमध्ये फिरवलेले गार, आंबट दही म्हणजे ताक नव्हे. दही ताजे, फार आंबट न झालेले घ्यावे, ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ आणि सैंधव घालावे आणि ते दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावे. रात्री घेऊ नये. सुश्रुतांनी उष्ण काळात, दुर्बल व्यक्तीला, तसेच दाह, चक्कर आणि रक्तपित्त (रक्तस्रावाचा विकार) असताना ताक देऊ नये असे म्हटले आहे, हे वाचून आपल्याकडील उन्हाळी ताकाच्या भोक्त्यांना धक्का बसेल. माझ्या अनुभवात गोडसर, पातळ ताकाने उन्हाळ्यात फारसा अपाय होत नाही, पण छातीत जळजळ असणाऱ्यांना आंबट ताक हटकून बाधते.

हिंग्वाष्टक चूर्ण आपल्या पोटफुगीला लागू पडेल असे वाटते. सुंठ, मिरे, पिंपळी, ओवा किंवा अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग या आठ द्रव्यांचे हे चूर्ण जेवणाच्या पहिल्या घासात तुपाबरोबर घ्यावयाचे असते. लोक ते जेवणानंतर पाण्याबरोबर फाकी मारून घेतात आणि मग गुण नाही म्हणतात. गरम भाताच्या पहिल्या घासात पाव चमचा चूर्ण आणि एक चमचा तूप, एवढेच पुरे. जळजळ, आंबट पाणी येणे किंवा मूळव्याधीतून रक्त जाणे यांपैकी काही असेल तर मात्र ते उष्ण पडते. सैंधव असल्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णांनीही विचार करावा. त्यांच्यासाठी चार प्रकारची मिठे असलेले लवणभास्कर तर आणखीच गैरसोयीचे.

बेलफळाविषयी आपण विचारलेले नाही, पण या विषयात ते येतेच. औषधात वापरावयाचे ते कोवळे, कच्चे बेलफळ होय. ते ग्राही आणि दीपन आहे. पिकलेले बेलफळ चरकांनी पचायला जड आणि दोष वाढवणारे म्हटले आहे. त्यामुळे उन्हाळ्यात पिकल्या बेलाचे सरबत पिऊन ‘पोटाचे औषध घेतले’ असे मानू नये.

आहारात जुन्या तांदळाचा भात, सालीविना मुगाचे वरण, दुधी, पडवळ, दोडका, सुरण, तूप यांना पुढे ठेवा. ज्वारीची भाकरी आपल्या भागात सोडवत नाही आणि सोडण्याचे कारणही नाही; फक्त ती गरम असावी आणि तिच्यासोबत तूप किंवा ताजे लोणी असावे. वाल, पावटे, मटकी, छोले आणि रात्रीचे उशिराचे जेवण काही आठवडे बाजूला ठेवा. पोटाचे दोन भाग घन अन्नाने आणि एक भाग द्रवाने भरून चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, हे वाग्भटांचे प्रमाण मोजपट्टीने पाळण्याचे नाही, पण पोट फुगणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. शाळेतील मधल्या सुट्टीत वह्या तपासत डबा संपवणे बंद करा. न बोलता, न हसता, मन लावून जेवावे हा चरकांच्या आहारविधीचाच भाग आहे.

बद्धकोष्ठाच्या दिवसांत रात्री कोमट पाण्यात किंवा दुधात एक चमचा तूप, अथवा वैद्याच्या सल्ल्याने गंधर्व हरीतकी, म्हणजे एरंडेलात परतलेल्या हिरड्याचे चूर्ण, अल्प मात्रेत घेता येईल. एवढ्याने भागले नाही तर तेलाची मात्राबस्ती (गुदमार्गे अल्प तेल देणे) हा वाताचा मुख्य उपचार आहे. ती रुग्णालयात किंवा वैद्याच्या देखरेखीखाली घ्यावी. चित्रफीत पाहून घरी करू नये.

उत्तर : खलबत्ता (आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे अध्यापन)

वैद्य महोदयांनी चिकित्सा सविस्तर सांगितली आहे. मी फक्त पुड्या आणि बाजारी चूर्ण यांच्याबद्दल लिहितो.

औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 नुसार कारखान्यात बनलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीची तारीख आणि मुदत असणे आवश्यक आहे. मात्र वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी स्वतः तयार केलेल्या औषधाला याच कायद्यात सूट आहे. त्यामुळे लेबल नसलेली पुडी देणारा प्रत्येक वैद्य बेकायदेशीर काही करतो असे म्हणता येत नाही, आणि ही सूट रद्द व्हावी असेही मला वाटत नाही, कारण ताज्या औषधाची परंपरा तिच्यामुळेच टिकून आहे. परंतु औषधात काय आहे हे विचारण्याचा रुग्णाचा हक्क या सुटीने जात नाही. आपण नम्रपणे, पण स्पष्टपणे, घटकांची चिठ्ठी मागावी. ‘हे आमच्या घराण्याचे गुपित आहे’ असे उत्तर मिळाले तर पुड्या थांबवाव्यात, असे माझे मत आहे.

यामागे कारण आहे. पोटाच्या औषधांत केवळ वनस्पती नसतात. शंखवटीत शंखभस्माबरोबर पारा, गंधक आणि बचनाग (एक विषारी वनस्पती) असतात. संजीवनी वटीत बचनाग आणि बिब्बा असतात. पर्पटीकल्प (पातळ पापुद्र्यांच्या रूपातील औषधे) तर बहुतेक पारा-गंधकाचेच आहेत. शुद्धी आणि मात्रा यांचे नियम पाळून जाणता वैद्य ती मोजके दिवस देतो, तेव्हा त्यामागे विचार असतो. तीच औषधे नाव न सांगता महिनोन्‌महिने चालू राहिली तर त्याला चिकित्सा म्हणता येणार नाही. अशी विषारी गटातील द्रव्ये असलेल्या औषधांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. पुडीवर ती सूचना कोठून येणार? शिवाय काही अप्रामाणिक लोक निनावी पुड्यांत स्टेरॉइड मिसळतात हे तपासण्यांतून वेळोवेळी उघड झालेले आहे. आपले वैद्य तसे करतात असे मी मुळीच सुचवत नाही, पण चिठ्ठी मिळाली की शंकेला जागाच राहत नाही.

शेजारच्या काकूंच्या चूर्णाचे वेष्टन उलटून पाहा. पोट साफ करणाऱ्या बहुतेक बाजारी चूर्णांत सोनामुखी हे मुख्य द्रव्य असते. ती आतड्याला चेतवून मल पुढे ढकलते. प्रवासात किंवा आजारपणात चार दिवस घेतल्याने बिघडत नाही. रोज घेतल्यास मुरडा, शरीरातील पोटॅशियम कमी होणे आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराला काळपट रंग येणे हे परिणाम माहीत आहेत. आपल्याला आधीच मुरडा असल्यामुळे हे चूर्ण आपल्यासाठी नाही. त्यात ज्येष्ठमधही असेल तर त्याने दीर्घकाळात रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम आणखी घटते. ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मी दर वर्षी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांच्या डोक्यातून काढून टाकतो.

एक छोटी गोष्ट राहिली. घरात वापरला जाणारा बांधानी हिंग शुद्ध नसतो; त्यात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. गव्हाचे वावडे निघाले तर हिंग्वाष्टकासाठी कोणता हिंग वापरला आहे तेही विचारावे लागेल.

उत्तर : सह्याद्री (एम.डी. मेडिसिन)

मी आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर आहे आणि वरील दोन्ही उत्तरांतील बराचसा भाग माझ्या रुग्णांना निःसंकोच सांगेन. काही गोष्टींची भर घालतो.

प्रथम निदानाबद्दल. 2016 च्या रोम निकषांनुसार (अशा विकारांच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष) गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटदुखी असणे, आणि ती शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातील बदलाशी, या तिन्हींपैकी किमान दोहोंशी, जोडलेली असणे आवश्यक असते; त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते. आपले वर्णन यात बसते. तरीही दोन गोष्टी विचारून घ्या. गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सिलिअ‍ॅक आजारासाठी रक्तातील टीटीजी तपासणी झाली आहे काय? ती गहू खाणे चालू असतानाच करावी लागते. आधी पोळी सोडली तर निकाल फसवा येऊ शकतो. दुसरे म्हणजे कोलोनोस्कोपीत लहान आतड्याचे शेवटचे टोक पाहिले गेले काय? आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग नेहमी ध्यानात ठेवावा लागतो आणि तो बहुधा त्याच भागात बसतो. पुढे कधी शौचातून रक्त, नकळत घटणारे वजन, संध्याकाळचा बारीक ताप, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा हिमोग्लोबिन उतरणे यांपैकी काहीही दिसले, तर ‘आपला तो नेहमीचाच त्रास’ असे न म्हणता त्वरित दाखवा, मग औषध कोणत्याही पॅथीचे चालू असो.

आयुर्वेदाच्या उपयोगाचा पुरावा आहे काय, असे पुष्कळ जण विचारतात. आहे, पण थोडा आहे आणि तो नीट वाचला पाहिजे. 1989 मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये 169 रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. ब्राह्मी आणि बेल यांचे औषध, त्या काळचे प्रचलित उपचार आणि निष्क्रिय औषध अशी तिहेरी तुलना सहा आठवडे केली होती. आयुर्वेदिक औषधाने 64.9 टक्के, प्रचलित उपचाराने 78.3 टक्के आणि निष्क्रिय औषधाने 32.7 टक्के रुग्णांना बरे वाटले. जुलाब प्रधान असलेल्यांना आयुर्वेदिक औषधाचा लाभ विशेष दिसला, तर वेदना प्रधान असलेल्यांना प्रचलित उपचाराचा. मात्र सहा महिन्यांहून अधिक पाठपुरावा केल्यावर त्रास पुन्हा उद्भवण्याच्या बाबतीत दोन्ही उपचार निष्क्रिय औषधाहून सरस ठरले नाहीत. या चाचणीचा पूर्वार्ध एक बाजू सांगतो आणि उत्तरार्ध दुसरी. मला दोन्ही एकत्र महत्त्वाचे वाटतात. औषध, मग ते कोणाचेही असो, घेतले तेवढे दिवस उपयोगी पडते. टिकणारा बदल हवा असेल तर वैद्य महोदयांनी म्हटल्याप्रमाणे जेवण, वेळ आणि वेग यांकडे वळावे लागते. 2021 मध्ये जर्मनीत 69 रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत आयुर्वेदिक आहारसल्ल्याची तुलना लो-फॉडमॅपसह (आतड्यात आंबणारी कर्बोदके कमी असलेल्या आहारासह) नेहमीच्या आहारसल्ल्याशी केली होती आणि तीन महिन्यांनंतर आयुर्वेदिक गटाच्या लक्षणांत अधिक घट आढळली. चाचणी लहान आहे, कोणता सल्ला मिळतो आहे हे रुग्णापासून लपवता येत नाही, तरी दिशा लक्षात घेण्यासारखी आहे.

निष्क्रिय औषधाने एक तृतीयांश लोकांना बरे वाटते, याचा अर्थ ते लोक ढोंगी होते असा नाही. या आजाराचा स्वभावच चढउताराचा आहे आणि आतड्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. म्हणूनच पुड्यांनी बरे वाटते एवढ्यावरून त्या पुड्यांची शिफारस करता येत नाही आणि त्यांना मोडीतही काढता येत नाही.

बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्ही आलटून-पालटून असणाऱ्यांना मी बहुधा इसबगोलाचा भुसा देतो. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे खडा मल मऊ होतो आणि पातळ मलाला थोडा घट्टपणा येतो. एक छोटा चमचा घेऊन सुरुवात करावी, मोठ्या पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि मात्रा हळूहळू वाढवावी. एकदम जास्त घेतल्यास पोट आणखी फुगते, आणि कोरडा तोंडात टाकल्यास घशात अडकण्याचा धोका असतो. अर्थात पाणीच कमी पिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, म्हणून शाळेच्या स्वच्छतागृहाचा प्रश्न मुख्याध्यापकांकडे लेखी मांडणे हादेखील आपल्या उपचाराचाच भाग समजा.

ताकाविषयी एक टीप. दही लागताना दुधातील साखर काही प्रमाणात कमी होते, म्हणून दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना ताक चालते. सर्वांनाच चालते असे नाही. ताकानंतर दोन-तीन तासांत गुडगुड आणि वारा वाढत असेल तर ते थांबवून पाहा, आणि रात्रीचे तूप घ्यायचेच तर दुधाऐवजी कोमट पाण्यात घ्या.

उत्तर : माडाची सावली

मी वैद्य नाही, मालवणकडचा आहे. आमच्याकडे मुरड्यावर मुरुडशेंग उगाळून देतात आणि आव पडली की कुड्याच्या मुळाची साल ताकात वाटून देतात. खलबत्ता यांना विचारायचे आहे की, हे घरी केले तर चालते काय? आजीच्या हाताला गुण होता, पण आता झाड ओळखणारे उरले नाहीत.

उत्तर : खलबत्ता

आपला शेवटचा मुद्दाच उत्तर आहे. औषधी कुटज म्हणजे पांढरा कुडा. काळा कुडा वेगळा, आणि दोहोंच्या सालींची सरमिसळ बाजारातही होते. पांढऱ्या कुड्याच्या सालीतील अल्कलॉइड अमिबावर काम करतात, हे प्रयोगशाळेतही दिसले आहे, त्यामुळे आजीच्या गुणामागे आधार होता. पण साल तीव्र असते आणि घरी मात्रा कळत नाही. त्यापेक्षा परवानाधारक कारखान्याची कुटजघनवटी वैद्याला विचारून घेणे बरे. लहान मुलांना जुलाब झाले तर आधी क्षारसंजीवनी, मग बाकी सर्व; आव आणि रक्त असेल तर घरी थांबू नये. कृष्णाकाठ ताईंच्या त्रासात आव नाही, म्हणून त्यांनी कुड्याच्या मागे लागण्याचे कारण दिसत नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वैद्यांकडे चिठ्ठी मागितली असता त्यांनी कोणताही संकोच न करता लिहून दिली : शंखभस्म, हिंग्वाष्टक आणि कुटजचूर्ण. पुडी सकाळी उठल्यावर उपाशीपोटी घ्यावयाची आहे, आणि माझी थायरॉइडची गोळीही त्याच वेळची असल्याने मी दोन्ही एकत्रच घेत आले आहे. योगायोग असेल, पण मागील तपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) वाढलेला निघाला आणि डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. या दोहोंचा काही संबंध असू शकतो काय? इसबगोलही सकाळीच घ्यावा काय?

उत्तर : सह्याद्री

संबंध असण्याची दाट शक्यता आहे. शंखभस्म हे मुख्यतः कॅल्शियमचे संयुग आहे, आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला (आपल्या गोळीतील औषधाला) आतड्यात बांधून ठेवते, त्यामुळे गोळी पूर्ण शोषली जात नाही. कवडीभस्म, प्रवाळ, कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या यांच्याबाबतही हेच होते. थायरॉइड कमी पडला की बद्धकोष्ठ वाढते, म्हणजे पोटासाठी घेतलेली पुडी आडवाटेने पोटालाच त्रास देत असावी.

गोळी पहाटे किंवा सकाळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास काही खाऊ-पिऊ नका. भस्म असलेले कोणतेही औषध गोळीपासून किमान चार तास दूर असावे. इसबगोलाचा भुसाही त्याच कारणाने रात्री घ्या.

यात एक सावधगिरी आहे. आपली मात्रा पुडी चालू असताना वाढवलेली आहे. आता वेळा बदलल्या की गोळी पूर्ण शोषली जाईल आणि वाढवलेली मात्रा कदाचित जास्त ठरेल. म्हणून थायरॉइडच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. मधल्या काळात छातीत धडधड, हात थरथरणे, घाम किंवा जुलाब वाढणे असे काही झाले तर मुदतीची वाट न पाहता तपासणी करून घ्या.

उत्तर : गोदातीर

डॉक्टरांशी मी पूर्ण सहमत आहे. आपल्या वैद्यांना थायरॉइडची गोळी चालू असल्याचे माहीत नसावे. त्यांना ते सांगा. हिंग्वाष्टक तसेही जेवणाच्या पहिल्या घासात घ्यावयाचे आहे, तेव्हा ते पुडीतून वेगळे करून द्यावे अशी विनंती करा. कुटज केवळ पातळ शौचाच्या दिवसांपुरता ठेवावा. बद्धकोष्ठाच्या दिवसांत तो चालू राहिला तर मल आणखी खडा होतो, आणि आपल्या आलटून-पालटून होणाऱ्या त्रासाचा काही भाग त्यामुळेही असू शकतो. शंखभस्माची गरज आहे की नाही हे जळजळ आणि आंबट ढेकर असण्यावर ठरते. आपल्या वर्णनात या तक्रारी नाहीत, त्यामुळे ते पुढे चालू ठेवावे काय, हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.